पंच कापले तेव्हा प्रेत दिसलं

दादरच्या मावशीने माझ्या कादंबरीची पहिली 80 पानं एका दुपारी वाचून काढली. तिच्या हसण्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. मी चहा घेऊन गेले आणि विचारलं, "मावशी, मेलं कोण?" ती चष्मा काढून आठवत बसली. मग म्हणाली, "अगं, तो सेक्रेटरी ना?"

सेक्रेटरी जिवंत होता. मेला होता खजिनदार.

त्या रात्री मला झोप लागली नाही. स्टेजवर 6 वर्षं काढलेल्या मला वाटत होतं की लोकांना हसवता येतं, म्हणजे अर्धं काम झालं. तुम्ही स्टँडअप करत असाल आणि काळ्या विनोदाची गुन्हेकथा लिहायला बसला असाल, तर हा खड्डा तुमच्याही वाटेत आहे. सेटअप (विनोदाची बांधणी), पंच (हसवणारी ओळ), टॅग (पंचाला चिकटवलेला पुढचा पंच), कॉलबॅक (आधीच्या विनोदाची पुन्हा आठवण) हे तुम्हाला मी सांगायला नको. पण या चौघांनीच माझी कादंबरी मारली होती, ते मात्र नीट सांगते.

माझी गोष्ट गोरेगावातल्या एका सोसायटीत घडते. पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत आणि खजिनदार गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत सापडतो. तोवर दोन दिवस सगळी बिल्डिंग त्याच पाण्याचा चहा प्यायलेली असते. कल्पना चांगली होती, अजूनही आहे.

स्टेजवर पंच पडला की हॉलमधला ताण सुटतो. लोक श्वास सोडतात, आपण पुन्हा ताण बांधतो, पुन्हा सोडतो. अर्ध्या मिनिटात हसू आलं नाही तर आपल्याच पोटात गोळा येतो. ही सवय हाडांत मुरते. गुन्हेकथेत तो ताण वाचकाने सोबत घेऊन पुढच्या प्रकरणात जायचं असतं. मी मात्र प्रत्येक परिच्छेद पंचावर संपवत होते. दर पंचागणिक वाचकाला कळत होतं की काळजीचं कारण नाही, इथे कुणी खरंच मेलेलं नाही. मग मावशीला नाव का आठवावं?

उदाहरण देते. पहिल्या खर्ड्यात टाकीचं झाकण उघडणारा प्लंबर आत बघून म्हणतो, "फुकट पाणी मिळालं म्हणून एवढं प्यायचं?" हे वाक्य मी एका ओपन माइकवर, म्हणजे नवे विनोद आजमावायच्या खुल्या मंचावर, म्हणून पाहिलं होतं, टाळ्या पडल्या होत्या. पण बावीस वर्षांचा मुलगा प्रेत बघून असं बोलेल का? ते वाक्य त्याचं नव्हतं, माझं होतं. आता तो काहीच बोलत नाही. शिडीवरून खाली येतो, वॉचमनकडे साबण मागतो आणि खालच्या नळावर हात धूत राहतो. त्या नळाला पाणी त्याच टाकीचं येतं, हे वाचकाच्या लक्षात दोन ओळींनंतर येतं. मावशी इथे हसली, आणि हसता हसता तिने तोंडावर हात ठेवला. मला तो हात हवा होता.

दुसरी जागा सोसायटीच्या सभेची. टाकी धुण्याचा खर्च मेंटेनन्समधून घ्यायचा की मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेल्या सिंकिंग फंडातून, यावर दीड तास वाद चालतो आणि हिशेब ज्याला ठाऊक होता तो शवागारात असतो. त्या सभेत एकही माणूस विनोद करत नाही. प्रत्येकाला आपला मुद्दा जीव तोडून मांडायचा आहे. काळा विनोद तिथे सापडतो. आपण गमतीशीर आहोत हे पात्राला कळलं की तो विनोद गेलाच.

म्हणून एक काम नक्की करा. छापील पानं घ्या, रंगीत पेन्सिल घ्या आणि प्रत्येक गमतीच्या वाक्यावर थांबून विचारा, हे पात्राला म्हणायचं आहे की मला टाळी हवी आहे? माझ्या 80 पानांत 200 च्या वर खुणा झाल्या. सगळी वाक्यं कापली. कापताना रडू आलं, कारण त्यातली काही खरंच चांगली होती. ती वेगळ्या वहीत ठेवा, स्टेजवरच्या सेटमध्ये कामी येतील.

दोस्त कॉमिकांना खर्डा वाचायला देऊ नका. ते प्रेमाने प्रत्येक पानावर टॅग सुचवतात, आणि आजार तर तोच आहे. तीस दिवसांत कादंबरी शिकवणाऱ्या कार्यशाळेत माझे पैसे गेले. तिथे सगळा वेळ पहिलं वाक्य झणझणीत कसं करावं यावर गेला. झणझणीत करणं आपल्याला येतंच. वाचनालयात नाव घातलेली, रहस्यकथा वाचून पिकलेली एखादी मावशी शोधा, आणि तिला "आवडलं का" असं न विचारता "मेलं कोण" असं विचारा.

माहितीतही मी सपाटून पडले. माझी गोष्ट 2025 च्या मे महिन्यातली आणि माझा इन्स्पेक्टर "तीनशेदोन लावतो" म्हणत होता. रात्री शोहून परतताना लेडीज डब्यात ड्युटीवर असलेल्या पोलीसताईंशी ओळख झाली होती. त्यांनी सांगितलं की 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, खुनाचं कलम आता 103. जुने लोक बोलताना तीनशेदोन म्हणतीलही, पण कागदावर ते येणार नाही. शिवाय असं प्रेत सापडलं की बहुतेक वेळा आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं. खुनाचा गुन्हा संशयाला आधार मिळाल्यावर. मी पहिल्याच पानावर खून जाहीर करून टाकला होता. ही दिरंगाई कथेसाठी सोनं आहे. तेवढ्या दिवसांत सोसायटीतले लोक एकमेकांकडे बघायला लागतात.

त्याहून मोठी चूक उकलीत होती. बुडून मेलेल्याच्या हाडांच्या मज्जेत पाण्यासोबत शरीरात गेलेलं डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ सापडू शकतं, हे वाचून मी शेवट त्यावर उभा केला. कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल येतो, डायटम नाहीत, म्हणजे आधी मारून मग टाकीत टाकला. पण टाकीतलं पाणी भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातून गाळून आलेलं. त्यात डायटम मुळातच फार कमी, त्यामुळे ते न सापडण्याने काहीच सिद्ध होत नाही. शेवटची 40 पानं गेली. आता माझा इन्स्पेक्टर हीच चूक करतो आणि डॉक्टर त्याला अडवतात. ते प्रकरण पूर्ण पुस्तकात मला सगळ्यात आवडतं.

घाबरू नका. आपल्याकडे जे आहे ते लेखनाच्या वर्गात मिळत नाही. बोलीचा कान आहे, कापायची सवय आहे, आणि न हसणाऱ्या हॉलसमोर उभं राहून आपण जिवंत परत आलो आहोत. मी रोज रात्री अंधेरी ते बोरिवली फोनवर लिहिलं, कधी दहा ओळी, कधी दोन. त्यातून पूर्ण खर्डा झाला.

तिसऱ्या खर्ड्यात खजिनदाराला मी एक श्रवणयंत्र दिलं आहे. सभेत तो ते बंद करून बसायचा. टाकीत सापडला तेव्हा ते कानात नव्हतं. मावशीचा परवा रात्री साडेदहाला फोन आला, ते कुठे गेलं ते आत्ता सांग म्हणाली. मी सांगितलं नाही.