मेसेज सगळे बघतात, ऑर्डर कोणीच देत नाही? या चुका टाळा

आम्ही पुण्यात कोथरूडला घरूनच दिवाळी फराळाच्या ऑर्डरी घेतो. पहिल्या वर्षी मी पाठवलेला मेसेज आज वाचला तरी हसू येतं. "सस्नेह नमस्कार, दीपावलीच्या मंगल पर्वानिमित्त आम्ही आपल्या सेवेत रुजू होत आहोत..." अशा आठ ओळी, आणि चकली कितीला किलो ते कुठ्ठेच नाही! लोकांनी हात जोडलेले इमोजी पाठवले. ऑर्डरी आल्या दोन, त्यातली एक मावशीची.

पुणेरी पाट्यांना लोक नावं ठेवतात, पण "दुकान 1 ते 4 बंद" वाचून कोणी फोन करून विचारतं का, उघडं आहे का म्हणून? आपलं उलटं होतं, गोड बोलण्याच्या नादात कामाचं राहून जातं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भाव लपवणं. "किमतीसाठी मेसेज करा" लिहिलं की गिऱ्हाईकाला वाटतं महाग असणार, आणि विचारून नको म्हणायला लाजही वाटते, मग तो गप्प बसतो. सरळ लिहा, भाजणीची चकली 560 रुपये किलो. व्हॉट्सअ‍ॅपवर लांब मेसेज खाली दुमडला जातो, "अधिक वाचा" कोण दाबत बसतंय, म्हणून वस्तू, भाव आणि शेवटची तारीख वरच टाका, शुभेच्छा खाली गेल्या तर दिवाळी काही अडत नाही.

"उद्यापासून डिलिव्हरी" हेही नको. मेसेज फॉरवर्ड होत होत तीन दिवसांनी कोणालातरी मिळतो, त्याचा उद्या वेगळाच. वार आणि तारीख दोन्ही लिहा. "पुण्यात फ्री डिलिव्हरी" लिहून तर मी स्वतः हात पोळून घेतलेत, कारण एका टोकाचा वाघोलीवाला पण पुण्यातच राहतो आणि दुसऱ्या टोकाचा हिंजवडीवाला पण पुणेच सांगतो. आता कोथरूड, कर्वेनगर, वारजे अशी नावंच लिहितो.

मेसेज पोचतच नसेल तर भाषेला दोष देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमधला (एकच मेसेज एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी) मेसेज फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच जातो, आणि एका लिस्टमध्ये 256 च लोक. एसएमएस पाठवत असाल तर इंग्रजीत 160 अक्षरं बसतात पण मराठीत एका मेसेजमध्ये 70 च (काना-मात्रा वेगळे मोजतात बरं का), पुढे गेलात की दोन मेसेजचे पैसे.

उधारीची आठवण करताना "कृपया सहकार्य करावे" कशाला? बिल नंबर, रक्कम, तारीख. बास.

तक्रारीला "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" एवढंच लिहिलं की माणूस जास्त भडकतो. आमच्याकडून एकदा अनारशांचा चुरा होऊन गेला होता, मी हेच वाक्य चिकटवलं आणि त्या काकूंनी अख्ख्या सोसायटीच्या ग्रुपवर चुऱ्याचा फोटो टाकला. मग लिहिलं, "काकू, पॅकिंग आमचंच चुकलं, शुक्रवारी सकाळी 11 पर्यंत नवीन डबा आणून देतो, पैसे नकोत." फोटो काही त्यांनी डिलीट केला नाही, पण खाली "डबा मिळाला" असं टाकलं.

हल्ली पाठवायच्या आधी आईला मोठ्याने वाचून दाखवतो. परवा सगळं नीट ऐकलं आणि म्हणाली, "अर्धा किलो देता का रे?" परत लिहायला बसलो.