फाउंड्रीच्या नियोजनाचं सॉफ्टवेअर लिहायला घेण्याआधी: तयारीची यादी

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पट्ट्यातल्या एखाद्या मध्यम फाउंड्रीसाठी (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यासाठी) उत्पादन नियोजनाचं सॉफ्टवेअर करायचं ठरलं, की पहिल्याच बैठकीत विषय निघतो तो स्क्रीनचा. गँट चार्ट (कामांच्या वेळा आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता) कसा दिसेल, उशीर झालेली ऑर्डर लाल दाखवायची का, मालकांना मोबाईलवर बघता येईल का. त्याला अजून वेळ आहे. आधीची तयारी भट्टीजवळ, कोअर शॉपमध्ये (कास्टिंगच्या पोकळ भागांसाठी वाळूचे गाभे, म्हणजे कोअर, बनवतात तिथे) आणि डिस्पॅचच्या टेबलापाशी करायची असते. ती ज्या क्रमानं करावी असं मला वाटतं, त्याच क्रमानं इथे लिहितो. फाउंड्री ग्रे आयर्न (साधं ओतीव लोखंड) आणि एसजी आयर्न (मॅग्नेशियम घालून केलेलं चिवट ओतीव लोखंड) दोन्ही ओतते, विजेवरच्या दोन-तीन इंडक्शन भट्ट्या आहेत आणि माल मुख्यतः पुणे-चाकणच्या वाहन उद्योगाला जातो, असं गृहीत धरलं आहे.

सर्वांत आधी सॉफ्टवेअर नेमका कोणता निर्णय घेणार, ते एका वाक्यात लिहा आणि मालक, प्रॉडक्शन मॅनेजर, भट्टीचा सुपरवायझर अशा तिघांकडून ते वाक्य मान्य करून घ्या. ग्राहकाचं महिन्याचं शेड्यूल घ्यायचं की नाही, या आठवड्यात कोणते पॅटर्न (साचा पाडायचे नमुने) लावायचे, आणि आजच्या पाळीत कोणती हीट (एका वेळी वितळवलेला भट्टीभर धातू) आधी काढायची, हे तीन वेगळे निर्णय आहेत. त्यांची माणसं वेगळी, लागणारी माहितीही वेगळी. तिन्ही एकदम हातात घेतले तर एकही धड होत नाही. माझं मत स्पष्ट आहे: हीटच्या क्रमापासून सुरुवात करा. त्याचा परिणाम त्याच दिवशी दिसतो आणि चुकलं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येतं.

मग काम नेमकं कुठे अडतं ते शोधा. विचारलं तर सगळे भट्टीकडे बोट दाखवतील, कारण ती सर्वांत महाग आणि विजेचं बिल तिचंच. पण शेडमध्ये फिरून माल कुठे साठलाय ते बघा. कित्येक ठिकाणी फेटलिंगसमोर (ओतलेले नग तोडून-घासून साफ करतात तिथे) ढीग लागलेला असतो, किंवा मोल्डिंगला (साचे बनवणाऱ्या विभागाला) साच्याचे रिकामे बॉक्सच नसतात, किंवा एका विशिष्ट कोअरसाठी अख्खी लाइन थांबलेली असते. सलग दोन आठवडे पाळी संपताना प्रत्येक विभागासमोरचा माल मोजून वहीत मांडा. जिथे ढीग कमी होत नाही, त्या विभागाच्या क्षमतेवर वेळापत्रक बांधायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यामागून चालायचं. या मोजणीआधी कोडची एकही ओळ लिहू नये.

आता मास्टर डेटा. निम्मी मेहनत इथेच जाते आणि ती जायलाच हवी. प्रत्येक आयटमसाठी पॅटर्न नंबर, एका बॉक्समध्ये किती कास्टिंग (ओतीव नग), कास्टिंगचं वजन, रनर-रायझरसकट (साच्यात धातू पोचवणाऱ्या आणि नंतर तोडून काढायच्या जादा भागांसकट) बॉक्समध्ये ओतायचं वजन, कोअर किती आणि कोणत्या प्रकारचे, ग्रेड, साच्यात थंड व्हायला लागणारा वेळ, फेटलिंगची मिनिटं आणि सरासरी रिजेक्शन एवढं हवंच. वजनं ड्रॉइंगवरून उचलू नका, काट्यावर घ्या.

ओतायचं वजन का लागतं, ते हिशेबातून लगेच कळतं. समजा कास्टिंग १२ किलोचं, बॉक्समध्ये दोन बसतात आणि बॉक्सला धातू लागतो ३६ किलो. ५०० किलोच्या भट्टीतून १३ बॉक्स भरतात, म्हणजे ४६८ किलो. ग्राहकाला २०० नग हवेत आणि रिजेक्शन ८ टक्के, तर ओतायचे २१८, म्हणजे १०९ बॉक्स. आठ हीटमध्ये १०४ बॉक्स होतात आणि पाच उरतात. या पाच बॉक्सना लागतो १८० किलो धातू. नवव्या हीटमधल्या उरलेल्या ३२० किलोंचं काय करायचं, हा प्रश्न सॉफ्टवेअरला पडला पाहिजे: त्याच ग्रेडचा दुसरा कोणता आयटम आहे, त्याचा पॅटर्न मोकळा आहे का, त्याचे कोअर तयार आहेत का? नुसतं ‘२०० नग, १२ किलो, २,४०० किलो’ असं धरणारी प्रणाली इथे दीड टनाहून जास्त धातूचा हिशेब चुकवते, आणि तो चुकला की पुढचा वेळेचा हिशेबही कोलमडतो.

क्रमाचे नियम गोळा करायला धातू जाणणारा माणूस जवळ बसवा. एफजी २६० (ग्रे आयर्नची एक ग्रेड) नंतर एसजी काढायचं की उलट, याला कारणं असतात. एसजीच्या ५००/७ ग्रेडमध्ये तांबं किंवा मँगनीज जास्त असतं. त्याचे रनर-रायझर परतीचा माल म्हणून एसजीच्याच मऊ ४००/१५ ग्रेडच्या चार्जमध्ये (भट्टीत टाकायच्या मालात) गेले, तर तिथे नको असलेला पर्लाइट (लोखंड कडक करणारी अंतर्गत रचना) तयार होतो. म्हणून परतीचा माल ग्रेडवार वेगळा ठेवतात, आणि तो किती शिल्लक आहे यावर उद्या कोणती हीट परवडेल ते ठरतं. एसजीचं आणखी एक बंधन आहे. मॅग्नेशियमची ट्रीटमेंट झाल्यावर त्याचा परिणाम उतरत जातो, म्हणून साधारण दहा-बारा मिनिटांत धातू साच्यात गेलाच पाहिजे. तेव्हा लाइनवर पुरेसे बॉक्स बंद होऊन उभे असल्याशिवाय एसजीची हीट वेळापत्रकात येताच कामा नये. उलट बॉक्स तयार नाहीत म्हणून वितळलेला धातू भट्टीत धरून ठेवला, तर वीज फुकट जाते. एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट लागतात, वर हे धरून ठेवणं मालकाला परवडत नाही.

विजेचा विषय निघालाच आहे, तर तीन गोष्टी बघून ठेवा. कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीशी ठरलेली भाराची मर्यादा) किती केव्हीए आहे आणि दोन भट्ट्या एकाच वेळी पूर्ण ताकदीवर गेल्या तर ती ओलांडली जाते का? दिवसाच्या कोणत्या तासांना महावितरणचा दर कमी-जास्त असतो? शिवाय हे तास वीज नियामक आयोगाच्या नव्या आदेशानं बदलतात, म्हणून ते कोडमध्ये पक्के बसवू नका. लागू तारखेसह वेगळ्या तक्त्यात ठेवा, म्हणजे बदल झाला की फॅक्टरीतला माणूस स्वतः ते भरू शकेल.

वेळेच्या मांडणीवर एक पूर्ण दिवस घालवा. काही कामं माणसांच्या पाळीनं चालतात, काही आपोआप होत राहतात. मोल्डिंग सुट्टीच्या दिवशी थांबतं, पण शनिवारी संध्याकाळी ओतलेलं जड कास्टिंग रविवारीही थंड होत असतं, आणि तेवढा वेळ त्याचा बॉक्स अडकलेला असतो. एकच कॅलेंडर सगळ्याला लावलं, की एकतर रात्री कुणी नसताना नॉक-आऊट (साचा फोडून कास्टिंग बाहेर काढणं) दाखवला जातो, नाहीतर साचा विनाकारण आणखी एक दिवस थांबवला जातो. तिसऱ्या पाळीत रात्री दोन वाजता निघालेली हीट कोणत्या तारखेची, हेही आत्ताच ठरवा. हिशेबाच्या खात्याची तारीख आणि भट्टीच्या रजिस्टरची तारीख वेगळी निघाली, तर महिन्याच्या शेवटी दोन्ही आकडे जुळत नाहीत आणि दोष सॉफ्टवेअरवर येतो. कॅलेंडरमध्ये गणपती आणि दिवाळीबरोबर होळी आणि छठही घाला, कारण मोल्डिंग आणि फेटलिंगची बरीच माणसं उत्तर प्रदेश, बिहारची असतात आणि त्या दिवसांत गावी जातात.

आता सर्वांत महत्त्वाचं काम. सध्या जो माणूस वहीत किंवा एक्सेलमध्ये रोजचा क्रम लावतो, त्याच्याशेजारी बसा. त्यानं एखादा जॉब वर घेतला की लगेच विचारा, ‘साहेब, हा आधी का?’ आणि उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. ‘त्या पॅटर्नचा डॉवेल ढिला आहे, दिवसपाळीतच लावतो.’ ‘या ग्राहकाची गाडी गुरुवारीच येते.’ ‘हा आयटम नव्या मोल्डरकडे दिला तर रिजेक्शन वाढतं.’ ही कारणं कोणत्याही ईआरपीत (कंपनीचा सगळा कारभार नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) नसतात, आणि यांच्याशिवाय काढलेलं वेळापत्रक तो माणूस पहिल्याच दिवशी बाजूला ठेवेल. त्यात त्याचं काही चुकत नाही. प्रत्येक कारणाला डेटामध्ये जागा द्या. जे मावत नाही त्यासाठी हातानं क्रम बदलायची मुभा द्या आणि बदलताना कारण लिहायची एक ओळ ठेवा.

गणिताची तयारी त्यानंतर, आणि बेतानं. १९६३ साली फिशर आणि थॉम्प्सन यांनी दहा जॉब आणि दहा मशीनच्या वेळापत्रकाचं एक उदाहरण प्रसिद्ध केलं. त्याचं सर्वोत्तम उत्तर सिद्ध व्हायला १९८९ उजाडलं. प्रत्येक मशीनवर दहा जॉबचे क्रम ३६,२८,८०० होतात, आणि दहा मशीनचे मिळून ६६ आकडी संख्या. आजचे सॉल्व्हर (असली गणितं सोडवणारे प्रोग्रॅम) खूप पुढे गेले आहेत. गूगलचं ओआर-टूल्स मोफत आहे आणि या कामाला चांगलं आहे. तरी फाउंड्रीला सर्वोत्तम उत्तराची गरज नसते. सकाळी आठला क्रेन बंद पडली तर दोन मिनिटांत दुसरा क्रम हवा असतो, आणि तो आधीच्या क्रमापासून शक्य तितका कमी हललेला हवा. म्हणून आधी देय तारखेप्रमाणे साधा नियम लावून चालणारी आवृत्ती करा, सॉल्व्हर त्यानंतर जोडा, त्याला वेळेची मर्यादा घाला, आणि क्रमातला प्रत्येक बदल त्याच्यासाठी खर्च म्हणून मोजा. पुढच्या काही तासांचा क्रम गोठवायचा असतो, कारण कोअर आणि चार्ज त्याप्रमाणे लागलेले असतात. तो किती तासांचा आणि तो मोडायचा अधिकार कुणाला, हे मालकांच्या तोंडून सर्वांसमोर ठरवून घ्या.

यश कशानं मोजायचं, हेही आधीच ठरवा. फाउंड्रीत सवय टनांची असते. ‘आज किती टन काढलं?’ हाच संध्याकाळचा प्रश्न. तोच आकडा सॉफ्टवेअरला दिला, तर ते जड कास्टिंग आधी ओतेल आणि दोन-दोन किलोचे, उद्याच द्यायचे ब्रॅकेट मागे पडतील. ऑर्डरच्या ओळीप्रमाणे वेळेवर गेलेला माल, टनामागे विजेची युनिट, पॅटर्न बदलांची संख्या आणि विभागांमध्ये अडकलेला माल, हे चार आकडे ठेवा. सुरू करण्याआधीच्या तीन महिन्यांचेही काढून ठेवा, नाहीतर नंतर तुलनेला काही उरत नाही.

शॉप फ्लोअरवरून माहिती कशी येणार, ते धुळीच्या हातांनी करून बघा. हीट नंबर, ओतलेले बॉक्स, वेळ, एवढंच भरायला सांगा. हीट नंबर हाच सगळ्याचा दुवा ठेवा, कारण स्पेक्ट्रोचा (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट, टेस्ट बार (ताकद तपासायला ओतलेला नमुना) आणि ग्राहकाची तक्रार शेवटी त्यालाच येऊन मिळतात. आयटमच्या पार्ट नंबरशेजारी शेडमधलं त्याचं बोलीतलं नाव देवनागरीत दिसू द्या. भट्टीवाल्याला गँट चार्ट नको. त्याला पुढच्या चार हीट मोठ्या अक्षरांत पुरतात, आणि इंटरनेट गेलं तरी हातात राहील असा पाळीचा छापील कागद.

शेवटी गेल्या महिन्याच्या खऱ्या ऑर्डरी, खरे बिघाड आणि खऱ्या गैरहजेऱ्या देऊन सॉफ्टवेअर चालवा आणि त्याचा क्रम प्रत्यक्षात झालेल्या क्रमाशेजारी मांडून नियोजनवाल्या माणसाकडून तपासून घ्या. त्याला पटला, की एका मोल्डिंग लाइनवर प्रत्यक्ष सुरुवात करा. ती महिन्याच्या २५ तारखेनंतर कधीही करू नका. तेव्हा सगळी फाउंड्री डिस्पॅचच्या मागे धावत असते आणि नव्या स्क्रीनकडे बघायला कुणाला उसंत नसते. दहा-बारा तारखेच्या आसपास करा, आणि पहिले दोन आठवडे तुमचा एक माणूस सकाळच्या पाळीला शेडमध्ये उभा असू द्या.