स्क्वॅट रॉडने मारायचा का मशीनवर? कबड्डी-खोखोवाल्यांसाठी

सीझन संपून पाऊस सुरू झाला, मैदानात चिखल झाला की सगळी पोरं जिममध्ये घुसतात आणि मग हाच प्रश्न, सर स्क्वॅट, म्हणजे वजन घेऊन बैठक, रॉडने मारू का स्मिथवर (रॉड खांबांत अडकवलेलं मशीन) मारू, का नुसता लेग प्रेस (बसून पायांनी वजन ढकलायचं मशीन) केला तरी चालेल. बॉडी बनवायची एवढंच असेल तर खरं सांगतो, कशावरही मारा, मांड्या दोन्हीने वाढतात, फार फरक पडत नाही. पण तुम्ही मैदानात उतरणार असाल तर मुख्य स्क्वॅट मोकळ्या रॉडचाच ठेवा आणि मशीन त्याच्या मागून लावा, कारण मशीनवर तोल मशीन सांभाळतं आणि मैदानात तुमचा तोल सांभाळायला कोणी येत नाही.

खोखोचंच बघा ना. चौकोनात बसलेला आक्रमक म्हणजे खाली बसलेला स्क्वॅटच आहे, पाठीवर खो पडला की तिथून सुटायचं आणि पहिल्या दोन पावलांतच ठरतं की समोरचा सापडतो का नाही. कबड्डीत चढाई 30 सेकंदांची, त्यातला बराच वेळ तुम्ही गुडघे वाकवून, अंग खाली ठेवून फिरता आणि तेवढ्यात कोपऱ्यावाला घोटा धरतो, मग एका पायावर त्याला ओढत मध्यरेषेकडे यायचं. आता स्मिथ मशीनमध्ये रॉड दोन खांबांच्या मधे सरळ रेषेतच वरखाली होतो, पुढे-मागे पडायची सोयच नाही, त्यामुळे पोट, कंबर आणि घोट्याजवळचे स्नायू बऱ्यापैकी आरामात असतात. ज्या गोष्टीचा सराव कराल तीच सुधारते, मशीनवर मारणाऱ्याची ताकद मशीनवर जास्त दिसते, रॉडवाल्याची रॉडवर.

मी स्वतः एक अख्खा पावसाळा लेग प्रेसवर काढलाय. जिममध्ये रॅकसमोर (रॉड ठेवायचा स्टँड) कायम लाईन, लेग प्रेस मोकळा, मग बसलो तिथेच. शेवटी 300 किलो लावून मारायचो आणि लय भारी वाटायचं, आणि नंतर खांद्यावर 60 चा रॉड घेतला तर पाय लटपटायला लागले. तेव्हा हिशोब कळला. 45 अंशाच्या लेग प्रेसवर लावलेल्या वजनापैकी साधारण 70 टक्केच पायावर येतं, म्हणजे 200 लावलं की 140 च्या आसपास (स्लेडचं, म्हणजे प्लेटा लावतो त्या सरकत्या भागाचं, वजन वेगळं, रुळांचं घर्षणही वेगळं), शिवाय स्वतःचं अंग उचलायचं नसतं. 70 किलोचा पोरगा 80 चा रॉड घेऊन उठतो तेव्हा तो रॉडबरोबर स्वतःलाही उचलतो. स्मिथचंही तसंच, बऱ्याच मशीनमध्ये रॉडला आतून उलटं वजन जोडलेलं असतं त्यामुळे तो 20 चा भरतच नाही. म्हणून वहीत रॉड, स्मिथ आणि लेग प्रेस तिन्हीचे आकडे वेगवेगळे लिहा, एकाशी एक जोडू नका.

आता सुरुवात कशी करायची. आधी घोटा तपासा: भिंतीपासून अंगठा साधारण 10 सेंमी लांब ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागला तर पुढे जा, नाही लागला तर सध्या टाचेखाली अडीच किलोच्या दोन प्लेटा ठेवून मारा आणि रोज घोट्याचा स्ट्रेच करा. घरी उकिडवं बसायची सवय असलेल्यांना हा त्रास कमी होतो, खुर्ची-सोफ्यावर वाढलेल्या पोरांना जास्त.

मग लगेच रॉडखाली जाऊ नका. एक डंबेल उभा धरून छातीशी लावा आणि त्याच्यासकट खाली बसा, यालाच गॉब्लेट स्क्वॅट म्हणतात. डंबेल पुढे असल्यामुळे छाती आपोआप वर राहते. 20-24 किलो घेऊन 10 रेप (म्हणजे 10 वेळा) निवांत, टाचा न उचलता झाले की मग रिकामा रॉड. पुरुषांचा ऑलिंपिक रॉड 20 चा आणि महिलांचा 15 चा असतो, पण आपल्याकडच्या जिममध्ये काय काय रॉड पडलेले असतात त्यामुळे एकदा काट्यावर ठेवून बघाच.

रॅकचे हुक छातीच्या मध्यावर ठेवा. रॉड काढताना टाचा उचलाव्या लागल्या तर हुक उंच आहेत, खाली घ्या. रॉड मानेच्या हाडावर नाही, त्याच्या खाली खांद्याच्या मांसावर. दोन पावलं मागे या, पाच-सहा नकोत, तिथेच दम जातो. पाय खांद्याएवढे, पंजे थोडे बाहेर. पकड बसायच्या आधी पोट कसं आपोआप कडक होतं, तसं श्वास भरून पोट कडक करा आणि मग बसा. गुडघे पंजांच्या दिशेने जाऊ द्या, ते बोटांच्या पुढे गेले तरी काही बिघडत नाही, आत वळले तर मात्र वजन कमी करा. मांडी जमिनीला समांतर किंवा त्याच्या थोडं खाली, पण कंबर गोल न होता जेवढं जमेल तेवढंच. रॉड पावलाच्या मध्यावर राहिला पाहिजे, बाजूने व्हिडिओ काढला की लगेच कळतं.

सेफ्टी पिन, म्हणजे रॉड फसला तर झेलणाऱ्या रॅकच्या आडव्या दांड्या, लावल्याशिवाय जड मारू नका. रिकामा रॉड घेऊन पूर्ण खाली बसा, पिन त्याच्या एक भोक खाली. तुमच्या जिममध्ये नुसते दोन स्टँड असतील आणि पिन नसतील तर शेवटचा रेप फसेपर्यंत जायचंच नाही, अजून दोन निघतील असं वाटतंय तिथेच रॉड परत स्टँडवर ठेवायचा. मित्राला सपोर्टला उभं केलं तर त्याने मागून छातीखाली हात घालायचे, रॉड धरून ओढायचा नाही. आणि हो, मऊ सोलचे रनिंगचे शूज काढून ठेवा, गादीवर उभं राहून वजन उचलल्यासारखं होतं ते. सपाट, कडक सोल बरा.

ऑफ सीझनला आठवड्यात दोन दिवस बास. सोमवारी रॉडने 5-5 रेपचे 4 सेट जड, त्यानंतर मागचा पाय बेंचवर ठेवून एका पायाचा स्क्वॅट, 8 चे 3 सेट, कारण मैदानात दोन्ही पाय शेजारी ठेवून तुम्ही फारसे कधी उभे नसता. गुरुवारी रॉड हलका, 3-3 चे 4 सेट पण वर येताना झटकन, आणि मग लेग प्रेस किंवा हॅक स्क्वॅट (पाठ टेकून तिरक्या रुळांवर मारायचा मशीनचा स्क्वॅट) 10-12 चे 3 सेट, इथे मांड्या पेटू द्या. रॉड कायम आधी, मशीन नंतर, पाय थकल्यावर रॉडखाली जाणं म्हणजे कंबरेचं वाटोळं. वजन एका वेळी अडीच किलो वाढवा. सव्वा किलोच्या प्लेटा जिममध्ये नसतील (नसतातच) तर आधी त्याच वजनावर 5 रेपचे वाढवत 8 रेप करा, मग 5 किलो चढवा.

स्पर्धा सुरू झाल्या की वजन तेवढंच ठेवा पण सेट कमी करा, आठवड्यातून एकदा 3-3 चे 2-3 सेट, तेही मॅचच्या किमान दोन दिवस आधी. लेग प्रेसचे लांब सेट तेव्हा बंद, पाय दुखत असले की चढाईला काय जाणार.

मशीन पहिलं कधी, तर बोट निखळलंय, मनगट किंवा खांदा दुखतोय आणि रॉड धरताच येत नाही, तेव्हा लेग प्रेस सोन्यासारखा. घोटा मुरगळून बरा होत असेल आणि एक पाय बारीक पडला असेल तर एका पायाचा लेग प्रेस, कमजोर पाय आधी, आणि चांगल्या पायाने त्याच्यापेक्षा जास्त रेप मारायचे नाहीत. फक्त स्लेड इतका खाली आणू नका की कंबर गादीवरून उचलली जाईल, आणि वर गुडघे खाडकन लॉक करू नका. गुडघ्याचं लिगामेंट गेलं असेल तर हे सगळं बाजूला, फिजिओ सांगेल तेच.

तालमीत वाढलेले म्हणतील रॉड कशाला, 500 बैठका मार. मारा की, दम भारी वाढतो, पण जास्तीत जास्त ताकदीसाठी वजन चढवावंच लागतं.

आणि 14-15 वर्षांच्या पोरांचे आईवडील विचारतात की रॉडने उंची खुंटते का. नाही खुंटत, कोणीतरी जाणकार समोर उभा असेल आणि वजन हळूहळू वाढवत असाल तर. त्यांना सहा महिने गॉब्लेट आणि रिकाम्या रॉडवरच ठेवा, जड वजनाचे व्हिडिओ इन्स्टावर टाकायला पुढे आयुष्य पडलंय.