जिउ-जित्सूत स्पर्धक व्हायचंय? आधी वजनकाट्यावर उभ्या राहा

ब्राझिलियन जिउ-जित्सूत, म्हणजे ठोसे न मारता पकड आणि लॉकवर चालणाऱ्या कुस्तीत, नव्याने उतरणारी मुलगी डावांबद्दल विचारते. आधी विचारायला हवं वजनाबद्दल. आयबीजेजेएफ या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या गी (जाड कापडाचा पोशाख) स्पर्धेत वजन पहिल्या लढतीच्या अगदी आधी, गी घालूनच करतात. संधी एकच, काटा पुढे गेला की बाद. प्रौढ महिलांच्या गटांच्या मर्यादा ४८.५, ५३.५, ५८.५, ६४, ६९, ७४ आणि ७९.३ किलो, त्यापुढे वरची मर्यादा नसलेला एक गट. गी पट्ट्यासकट दीड-दोन किलो भरते, म्हणजे ६४च्या गटासाठी अंगाचं वजन ६२च्या आसपास हवं. पाणी तोडून वजन उतरवलं तर ते भरून काढायला इथे वेळच नसतो, आणि सुकलेल्या अंगाने उतरलेलीची पकड लवकर सुटते. पाळीच्या आधी अंगात पाणी साठून एखाद-दुसरा किलो वाढू शकतो, तेव्हा स्पर्धेची तारीख बघूनच नाव द्या. शंका असली तर वरचा गट घ्या.

गी पांढरी, निळी किंवा काळी. हात सरळ पुढे केल्यावर बाही मनगटापासून ५ सेंटिमीटरपेक्षा वर राहता कामा नये. धुऊन आटलेली गी इथेच अडकते. आत रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा ताणता सदरा) महिलांना सक्तीचा.

पांढऱ्या, म्हणजे नवख्यांच्या, पट्ट्याची लढत ५ मिनिटांची. पाडाव, स्वीप (खालून उलटवून वर येणं) आणि पोटावर गुडघा यांचे २ गुण, गार्ड (खालचीने पायांनी धरलेला अडसर) ओलांडण्याचे ३, माउंट (अंगावर मांड ठोकून बसणं) आणि पाठ मिळवण्याचे ४. पण स्थिती ३ सेकंद टिकली तरच गुण. नवख्या मुली गुण हरवतात त्या याच ३ सेकंदांत: माउंट मिळाला रे मिळाला की हातावर झेप घेतात आणि खाली जातात. आधी बसा, मग हात शोधा. उडी मारून बंद गार्ड (कमरेभोवती पाय आवळणं) घेणं पांढऱ्या पट्ट्याला मना आहे. उभ्याने एक पाडाव आणि बसत गार्ड घेण्याची एक पद्धत एवढं पक्कं असलं तरी पुरे.

महिलांचे गट लहान असतात. तिघीच असल्या तर दोन लढतींत सुवर्ण, दोघीच असल्या तर एकीत. ते पदक भिंतीवर शोभतं, अनुभव मात्र तेवढाच. म्हणून वर्षाअखेरीस पदकं नव्हे, लढती मोजा. गी नसलेल्या स्पर्धाही खेळा.

सर्वांत मोठी अडचण सरावाची, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ६० किलोची मुलगी रोज ८५ किलोच्या पुरुषांखाली दबून राहिली तर तिचा बचाव चिवट होतो, हल्ला कच्चा राहतो. मग स्पर्धेत वर आल्यावर काय करायचं तेच सुचत नाही. उपाय साधा आहे: हलक्या किंवा खालच्या पट्ट्याच्या जोडीदाराबरोबर ३-३ मिनिटांच्या फेऱ्या ठरवून वरच्या स्थितीतूनच सुरू करा. स्थिती सुटली की पुन्हा तिथूनच.

पुढची वाट लांब आहे. आयबीजेजेएफच्या नियमात प्रौढांना निळ्या पट्ट्यावर किमान २ वर्षं, जांभळ्यावर दीड, तपकिरीवर १. काळा १९ वर्षांच्या आधी नाही. लढतही ६, ७, ८ आणि शेवटी १० मिनिटांवर जाते, त्यामुळे निळ्यावर चाललेला दम काळ्यावर पुरत नाही. नियमही बदलतात: गुडघ्याचा सरळ लॉक तपकिरीपासून, हील हूक (टाच पिरगळून गुडघ्यावर ताण देणारा लॉक) गीमध्ये कधीच नाही.

एडीसीसी या गी नसलेल्या मोठ्या जागतिक स्पर्धेत २०२२ला महिलांचे दोनच गट होते, ६० किलोखालचा आणि वरचा. ५० किलोच्या स्पर्धकाला दहा किलो जड प्रतिस्पर्धी सहज मिळायची. खालचा गट वेल्सच्या फिऑन डेव्हिसने जिंकला. २०२४ला गट तीन झाले: ५५, ६५ आणि त्यावरचा.

पैशांचं गणित वेगळंच. विजेतेपदं मिळाली तरी घर बहुधा शिकवण्यावर, सेमिनारवर आणि शिकवणीच्या व्हिडिओंवर चालतं. मॅकेंझी डर्नसारख्या काही जणी एमएमएकडे, म्हणजे ठोसे-लाथांसकटच्या मिश्र लढतींकडे, वळतात. ती २०१५ची एडीसीसी विजेती, २०१८मध्ये यूएफसी या एमएमएच्या मोठ्या व्यावसायिक संघटनेत उतरली. पण तिथे ठोसेही खावे लागतात, तो वेगळाच धंदा. जांभळ्या पट्ट्यापासूनच नवशिक्यांच्या वर्गात मदतनीस म्हणून उभं राहायला लागा; काळा पट्टा बांधून पहिल्यांदा शिकवायला गेलं की समजावून सांगताना जीभ अडखळते.