हळदीत उमटवलेले हात

माझ्या आत्याचे हात बारा महिने पिवळे असायचे. सांगलीच्या मार्केट यार्डात ती हळकुंडं निवडायला जायची. नखांच्या कडा, तळव्यावरच्या रेषा, कितीही घासलं तरी पिवळ्याच. आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गल्लीत घरोघरी हळदीकुंकू चाललेलं असताना त्याच आत्याला कुणी हळदीचं बोट लावत नव्हतं. तिचे यजमान गेले तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. आमच्याच घरी चैत्रगौरीला आंब्याची डाळ ती वाटायची, आणि बायका यायला लागल्या की मागच्या दाराशी जाऊन बसायची. तिला कुणी जा म्हणत नव्हतं. म्हणावं लागतच नव्हतं.

मी शाळेत चित्रकला शिकवली, तरी हे मला कधी रंगवता आलं नाही. ट्यूबमधल्या पिवळ्या रंगाला यातलं काही ठाऊकच नाही. शेवटी हळदच घेतली. पिकासोनं १९१२ साली वेताच्या विणीचा छाप असलेलं मेणकापड चित्रात चिकटवलं, तेव्हापासून खरी वस्तू चित्रात आणायची वाट मोकळी आहे. ज्या वस्तूनं माणसाला बाजूला बसवलं, तीच वस्तू चित्राच्या बोर्डावर आली पाहिजे. ते कसं करायचं, ते माझ्या अनुभवावरून सांगते.

आधी विचारा. हे काम मी सहा महिने उशिरा सुरू केलं, कारण आत्या हो म्हणत नव्हती. एक दिवस म्हणाली, "माझं तोंड नको लावूस कुठं. हात लाव." त्या एका वाक्यानं चित्राची सगळी रचना ठरली. ज्याचं दुःख आहे त्याला विचारलं की काय दाखवायचं नाही ते कळतं, आणि चित्राला त्याचीच जास्त गरज असते.

तर हातांचा फोटो. सकाळच्या तिरप्या उजेडात काढा, म्हणजे सुरकुत्या आणि भेगा ठळक येतात. झेरॉक्सच्या दुकानात तो काळ्या-पांढऱ्यात पारदर्शक शीटवर ए-फोर आकारात छापून घ्या. दोन प्रती काढा आणि एकीवर एक तंतोतंत बसवून चिकटपट्टी लावा. एका शीटचा काळा पुरेसा गडद नसतो. निगेटिव्ह करू नका. ऊन लागेल तिथली हळद उडते आणि काळ्याखालची राहते, त्यामुळे फोटो आहे तसाच उमटतो. वनस्पतींच्या रंगावर उन्हानं चित्र उमटवायची ही रीत जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानं १८४२ साली मांडली. आपल्याकडे हळदीची साडी उन्हात वाळत घालू नये हे प्रत्येक बाईला माहीत आहे. दोन्हींत शास्त्र एकच.

हळद पुडीतली नको. अख्खी राजापुरी हळकुंडं आणा आणि घरी कुटून चाळा. हळदीचा पिवळा पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो. शंभर मिलिलिटर सर्जिकल स्पिरिटला दोन चमचे हळद, बरणीचं झाकण घट्ट, दोन-तीन तास. मग सुती फडक्यातून गाळून घ्या. हे काम स्वयंपाकघरात करू नका, जवळपास गॅस, निरांजन, उदबत्ती काहीही पेटतं नको. खोलीचे पडदे ओढून घ्या आणि रुंद ब्रशनं जाड, तीनशे जीएसएमच्या कागदावर दोन-तीन हात द्या. प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा. वाळलेला कागद कपाटात, अंधारात.

मी नंतर आत्याच्या जुन्या फिकट सुती साडीचा तुकडाही वापरला. खळ निघेपर्यंत तो दोनदा गरम पाण्यात धुवा, नाहीतर हळद डागाडागांनी बसते.

आता ऊन. खाली प्लायचा तुकडा, त्यावर हळदीचा कागद, वर शीट, वर काच, चारी बाजूंनी क्लिपा. सांगलीच्या एप्रिलच्या उन्हात गच्चीवर कागदाला मला चार-पाच तास लागले, साडीला पुरे दोन दिवस. शीटचा एक कोपरा हळूच उचलून बघत राहा. उघडी बाजू दुधाळ पिवळसर दिसायला लागली की आत आणा. जूनमध्ये याच्या नादी लागू नका, आभाळ आलं की नुसता वेळ जातो.

पुढची पायरी माझ्या सगळ्यात जवळची. खायचा चुना चमचाभर, एक लिटर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा. सकाळी वरची नितळ निवळी ओतून घ्या. हातमोजे घाला, डोळ्यांत उडू देऊ नका. ही निवळी हळदीला लागली की हळद लाल होते. कुंकू असंच तर व्हायचं! हळद आणि कुंकू ही दोन नावं, मध्ये फक्त बोटभर चुना. आणि त्या बोटावर कोण सवाष्ण आणि कोण नाही हे ठरतं.

पहिल्या वेळी मी अख्खा कागद निवळीत बुडवला. हात लालभडक झाले, रक्तात बुडाल्यासारखे. बघणारे हळहळले असते, पण ते आत्याचे हात राहिले नव्हते. तो कागद मी बाजूला ठेवला. दुसऱ्या वेळी बारीक ब्रशनं फक्त उजव्या हाताच्या अनामिकेच्या टोकाला निवळी लावली. कुंकू लावणारं बोट. बाकी हात पिवळेच. लाल फार पसरला तर लिंबाच्या रसाचा थेंब लावा, पुन्हा पिवळा होतो.

जोडणीला फार वेळ जात नाही. दोन फूट बाय अडीच फूट, बारा एमएमचा प्लाय. त्यावर हळदीचं गोणपाट, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलनं. गोणपाटावर व्यापाऱ्याचा शिक्का असेल तर तो भाग उलटा करा. हळदीकुंकवाची छापील आमंत्रणंही मी चिकटवली, पण बोलावणाऱ्या बायकांची नावं गोणीच्या सुतानं शिवून झाकली. एका प्रदर्शनात नावं उघडी ठेवा असा आग्रह झाला, म्हणजे धार येईल म्हणे. मी चित्र परत आणलं. त्या बायकांना ही रीत त्यांच्या सासवांनी दिली होती. त्यातली एखादी आज स्वतः मागच्या दाराशी बसत असेल.

सगळ्यात खालच्या थरात एक कात्रण आहे. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्याच महिन्यात सरकारनं तो कित्ता सगळ्या ग्रामपंचायतींना गिरवायला सांगितला. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते १८६३ साली, आणि सावित्रीबाईंचं नायगाव आपल्या शेजारच्या साताऱ्यातलं. कात्रणावर मी हळदीचा पातळ हात दिला. 'ठराव' एवढाच शब्द वाचता येतो. आत्याला तो वाचता यावा इतकंच हवं होतं.

फुटक्या बांगड्या लावू नका. मला प्रत्येकानं तेच सुचवलं. मी लावून पाहिल्या आणि रात्री काढून टाकल्या. बांगड्या फोडताना भोवती जमून बघणारी माणसं असतात, आणि तुकडे चिकटवले की आपण प्रेक्षकांना त्याच घोळक्यात उभं करतो.

त्याऐवजी खालच्या कडेला एकतीस चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकल्या, दोन-दोन सेंटिमीटरवर. एकतीस संक्रांती, न मिळालेलं वाण. चुकांवर काहीच अडकवलेलं नाही.

चित्र टांगलं की त्याचं नुकसान सुरू होतं, कारण खोलीतला उजेडही हळदीला पुरतो. काचेनं फारसं थांबत नाही. म्हणून वरून काळ्या कापडाचा पडदा शिवा, बघणाऱ्यानं तो हातानं उचलून बघायचं. प्रत्येक बघण्यागणिक हात थोडे फिके होतात, हे शेजारच्या पाटीवर लिहा. लोक मग घाईनं पुढं जात नाहीत. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून हळद वर्षानुवर्षं टिकवायचे, हवा-उजेडाविना. २००५ च्या महापुरानं बरीच पेवं निकामी केली. घरी ठेवताना काळ्या कागदात गुंडाळून पेटीत ठेवा, उभं नको, आडवं.

बोटाचा लाल काही महिन्यांत उतरतो, तपकिरी पडतो. पुन्हा निवळी लावावी लागते. गेल्या संक्रांतीला पेटी उघडली तेव्हा आत्या शेजारी होती. ब्रश नको म्हणाली. निवळीत करंगळी बुडवून तिनं कागदावरच्या आपल्या बोटाला लावली आणि लाल चढेपर्यंत वाकून बघत राहिली.