अंगणातला सुमॅक: आधी मुळांना बांध, मग झाड

ऑक्टोबरात न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनियातल्या हायवेच्या कडेला, उघड्या उतारावर शेंदरी-लाल पेटलेली झुडपं दिसतात, त्यांत स्टॅगहॉर्न सुमॅक हमखास असतो. शास्त्रीय नाव ऱ्हस टायफिना, मूळ घर उत्तर अमेरिकेचा पूर्व भाग, आणि कूळ आपल्या आंब्या-काजूचं. कोवळ्या फांदीवरून बोट फिरवलं तर तपकिरी मखमल हाताला लागते, हरणाच्या नव्या शिंगांवर असते तशी. स्टॅगहॉर्न हे नाव त्यावरूनच पडलं.

रंगाला भुलून लोक हे झाड कुठेही लावतात आणि तिसऱ्या वर्षी लॉनभर मुळांतून उगवलेले फुटवे उपटत बसतात. सुमॅकची बहुतेक मेहनत लावण्याआधीची असते.

सगळ्यात आधी जात ठरवा. मूळ जात 15 ते 25 फूट वाढते आणि त्याहून जास्त पसरते. मागे मोकळा उतार असेल तरच ती घ्यावी. नेहमीच्या मागच्या अंगणाला ‘टायगर आइज’ शोभते. ही साधारण 6 फूट उंच आणि तेवढीच रुंद होते. पानं पोपटी फुटतात, मग पिवळीधमक होतात, देठ गुलाबीसर राहतात. उतारावरची माती धरून ठेवायची असेल तर ‘ग्रो-लो’ हा सुवासिक सुमॅक घ्या. तो दोन फुटांच्या वर जात नाही, पण 6 ते 8 फूट पसरतो. या जाती अमेरिकेतल्या झोन 4 ते 8 मध्ये (हिवाळ्याच्या थंडीवरून पाडलेले लागवडीचे पट्टे) निर्धास्त लावाव्यात. त्यांना कडक हिवाळ्याची विश्रांती लागते, म्हणून बी-रोप पुण्या-नाशिकला नेण्याच्या फंदात पडू नये.

रानातून रोप आणणार असाल तर ओळख पक्की हवी. विषारी सुमॅक दलदलीत वाढतो. त्याच्या पानाला 7 ते 13 पर्णिका (एका देठावरची छोटी पानं) असतात, कडा सपाट असतात आणि पांढुरकी फळं खाली लोंबतात. बिब्बा उततो तसं त्याच्या चिकाने अंग उततं. स्टॅगहॉर्नच्या पर्णिका करवतीसारख्या दातेरी असतात आणि लाल, लवदार फळांचा कोन वर ताठ उभा राहतो. दुसरी गफलत आयलँथसशी होते. हा आपल्या महारुखाचा भाऊबंद, आणि अमेरिकेत उपद्रवी ठरलेला. पान चुरगाळलं की खवट शेंगदाण्यासारखा वास येतो, आणि देठ मोडल्यावर सुमॅकसारखा पांढरा चीक येत नाही.

जागा उन्हाची हवी, दिवसाला किमान सहा तास. सावलीत झाड जगतं, पण पानगळीचा रंग फिका पडतो. माती हलकी, मुरमाड, अगदी खडकाळ असली तरी चालते. पाणी साचणारी मात्र नको. शंका असेल तर फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर ती जागा सोडा, मुळं कुजतील. घराचा पाया, सेप्टिकची लाइन आणि शेजाऱ्याचं कुंपण यांपासून 10 ते 15 फूट लांब राहा. खणण्याआधी 811 ला (अमेरिकेतला खोदकामापूर्वीचा मोफत फोन नंबर) फोन करून जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइनी आखून घ्या.

आता बांध. सुमॅकची मुळं फार खोल जात नाहीत, आडवी धावतात, म्हणून त्यांना अडवता येतं. बांबूसाठी मिळते ती जाड एचडीपीई (टणक प्लास्टिकची) शीट घ्या. झुडपाला हवी तेवढी जागा सोडून भोवती दोन फूट खोल चर काढा आणि शीट उभी पुरा. वरची कडा जमिनीच्या दोन इंच वर ठेवा, नाहीतर मुळं तिच्यावरून उडी मारतात. शीटची दोन टोकं एकमेकांवर चढवून घट्ट आवळा. फट राहिली की मूळ तिथूनच निसटतं.

लावणी वसंतात, किंवा सप्टेंबरच्या सुमारास. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच. निघालेली मातीच परत भरा. इथे शेणखत-कंपोस्टचा मोह आवरा: खताने फांद्या लुसलुशीत होऊन लोळतात आणि फुटवे वाढतात. वर दोन-तीन इंच लाकडी ढलप्यांचं आच्छादन, खोडापासून चार बोटं दूर. पहिला उन्हाळाभर आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या. पुढे फक्त मोठ्या कोरड्या खंडातच.

बांध घातला तरी आत फुटवे येतातच. ते वीतभर आणि कोवळे असताना हाताने मुळापासून ओढून काढा. कात्रीने छाटलेला फुटवा पुन्हा फुटतो. भोवतीची जमीन कुदळीने उकरू नका, कारण मुळाला जखम झाली की तिथून नवा कोंब येतो. मुख्य खोड तोडून झाड संपेल असं वाटतं, पण खोड गेलं की मुळांवरच्या सुप्त कळ्या एकदम जाग्या होतात आणि एकाची वीस झुडपं उभी राहतात. झुडूप विस्कटलं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीपासून फूटभर ठेवून छाटा. नवे फोक जोमदार येतात, पानंही मोठी, पण त्या वर्षी फुलं-फळं मिळत नाहीत.

भर उन्हाळ्यात एकच फांदी अचानक सुकली तर ती कापून आतलं लाकूड बघा. काळपट रेघा दिसल्या तर तो बहुधा व्हर्टिसिलियमचा मर रोग. ही बुरशी मातीतून येते आणि तिच्यावर औषध नाही. वांगी, टोमॅटो आणि बटाटे यांनाही ती धरते, म्हणून आपल्या वांग्यांच्या जुन्या वाफ्यात सुमॅक लावू नये, आणि रोगट सुमॅक काढलेल्या जागी वांगीही नकोत. हिवाळ्यात ससे साल कुरतडतात, त्यासाठी खोडाभोवती दोन फुटी बारीक जाळी बांधा. बर्फ साचणार असेल तर जाळी तेवढी उंच घ्या.

वसंतात इतर झाडं हिरवी झाली तरी सुमॅक काठीसारखा उभा असतो. लगेच तोडू नका. नखाने साल किंचित खरवडा. खाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे, त्याला अजून दोन-तीन आठवडे द्या.