गावरला जायचंय? आधी भरतीचा तक्ता, मग डबे

मागच्या मे महिन्यात सासू-सासरे वेल्समधल्या कार्डिफला आमच्याकडे होते, तेव्हा गावरमधल्या रॉसिली गावाची सहल मी इतकी नीट आखली होती की विचारू नका. सात डबे, दोन थर्मास, सतरंजी, अण्णांची म्हणजे सासऱ्यांची काठी, सासूबाईंची कानटोपी, गोळ्यांची पिशवी, सगळं आदल्या रात्री दाराशी रांगेत. दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला आम्ही वर्म्स हेडसमोर उभे राहिलो, तर मधे समुद्र. पाय बुडतील एवढा नाही, चांगला फेसाळणारा, उसळ्या मारणारा समुद्र. सील बघायचे म्हणून महिनाभर उड्या मारणारा माझा आठ वर्षांचा मुलगा एकदा पाण्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता. ही यादी त्या नजरेमुळे लिहितेय.

वर्म्स हेड म्हणजे गावर द्वीपकल्पाच्या पार पश्चिम टोकाला समुद्रात घुसलेली खडकाची लांब रांग. वर्म म्हणजे इथे किडा नव्हे. जुन्या बोलीत तो शब्द सर्पाला, ड्रॅगनला वापरायचे, आणि लांबून पाहिलं तर खरंच कुणीतरी मान वर काढून पोहतंय असं वाटतं. ओहोटीला मधली खडकाळ वाट उघडी पडते, पूर्ण ओहोटीच्या आधी अडीच तास आणि नंतर अडीच तास. उरलेल्या वेळात ते बेट असतं.

हे मला माहीत होतं. वेळ बघायचं काम नवऱ्याकडे होतं. नवरा म्हणाला, अण्णा आहेत की. अण्णा मूळचे हर्णैचे, समुद्राला लागून घर. त्यांनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर बोट ठेवलं, "अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, बाराला पुरती ओहोटी. बाराला पोचू." कोकणातल्या माणसाशी समुद्रावरून वाद कोण घालणार? आणि हिशोब चुकलाच नव्हता, हर्णैसाठी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला बाराच्या आत-बाहेर, हे कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि चालतं. पण चंद्र तोच असला तरी किनारा तो नाही. भरतीची लाट इथे पोचते ती वेगळ्या वेळेला. गावरला पौर्णिमा-अमावास्येला भरती सकाळ-संध्याकाळची आणि ओहोटी भर दुपारची. अष्टमीला बरोब्बर उलटं, दुपारी पाणी तुडुंब. म्हणजे आम्ही महिन्यातला नेमका चुकीचा दिवस निवडला आणि त्या दिवसातली नेमकी चुकीची वेळ.

तर यादीतली पहिली गोष्ट, भरती-ओहोटीचा तक्ता. दुसरीही तीच. तो बघितल्याशिवाय कणीक भिजवू नका.

कुठला तक्ता, तर गावरजवळच्या मम्बल्सचा किंवा स्वॉन्झीचा. कार्डिफचा नाही. आपण कार्डिफला राहतो म्हणून फोन आपसूक कार्डिफच्या वेळा दाखवतो, आणि कार्डिफला पाणी उशिरा चढतं. पाऊण तासाचा फरक म्हटला तर किरकोळ, पण परतीच्या वाटेवर किरकोळ नाही. मग तक्त्याच्या डोक्यावर काय छापलंय ते वाचा, ग्रिनिच वेळ की उन्हाळी वेळ. छापील पुस्तिकांत बऱ्याचदा ग्रिनिच असते, तिच्यात मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत एक तास मिळवावा लागतो. फोनवरच्या तक्त्यात बहुधा तो आधीच मिळवलेला असतो. त्यात तुम्ही हौसेने आणखी एक मिळवलात तर तुमच्या मते वाट उघडी असेल आणि समुद्राच्या मते नाही. घरातल्या दोन माणसांनी वेगवेगळं बसून हिशोब करा आणि मग ताडून बघा. हसू नका, आता आमच्याकडे असंच चालतं.

आणि "थोडंसं पाणी आलं तर चालत जाऊ" हे डोक्यातून काढून टाका. मुंबईत साडेचार मीटरची भरती येणार म्हटलं की बातमी होते. स्वॉन्झीला मोठ्या भरतीच्या दिवशी पाणी साडेआठ मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, आणि पुढे ब्रिस्टल खाडीत आत जाल तसं आणखी. जगातल्या सगळ्यात मोठ्या भरत्यांमध्ये या पाण्याची गणती होते. ते दोन्ही बाजूंनी खडकांत शिरतं, त्यामुळे समोर बघत चालणाऱ्याला मागची वाट गेल्याचं कळतही नाही. कवी डिलन थॉमस स्वॉन्झीचा पोरगा, तोही एकदा या खडकांवर अडकला होता. अडकलातच तर बेटावरच थांबायचं, ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचा. पोहायचं नाही. पाणी उतरेपर्यंत बसून राहण्यात लाज आहे, धोका नाही.

आता खाणं. हा भाग माझा, आणि तो मी चुकवत नाही.

मागच्या वेळी सासूबाईंनी हट्टाने दहीभात घेतला होता. मे महिना, पण टेकाडावर वारा असा की भाताचा बर्फ झाला, कुणी दोन घासांवर गेलं नाही. गार झाल्यावर ज्याची चव उतरते ते नकोच. भाकरीही नको, तासाभरात तिची खापरी होते. दशम्या करा, दुधात भिजवलेल्या, किंचित जाडसर, तव्यावरून काढल्या की कापडात. दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि लीकचा झुणका.

लीक म्हणजे वेल्सचं राष्ट्रचिन्हच. १ मार्चला, सेंट डेव्हिडच्या दिवशी, लोक ते कोटाला टाचून फिरतात. आपल्याला ते झुणक्यात कामाला येतं. कांद्यासारखंच, पण गोडसर, आणि कांद्यासारखं बंद गाडीत घमघमत नाही. एकच काळजी. आख्खं लीक नुसतं नळाखाली धरून भागत नाही, त्याच्या पानांच्या घड्यांत माती असते. उभं चिरा, पानं पत्त्यांसारखी फाकवा, आणि पातेल्यात पाणी घेऊन बुडवून ठेवा. खाली राखाडी गाळ बसलेला दिसेल. एकदा मी घाईत ही पायरी गाळली होती आणि सगळ्यांच्या दाताखाली वाळू, तीही समुद्रावर न जाताच. फोडणी नेहमीची, मोहरी, हिंग, हळद, तिखट. लीक झाकण न ठेवता परतायचं, कारण त्याला पाणी सुटतं, ते आटायला हवं. मग मीठ, आणि बेसन चिमटीने भुरभुरवत घालायचं, एकदम ओतायचं नाही. मंद आचेवर दोन वाफा. सुटा, मोकळा झाला पाहिजे, पिठल्यासारखा झाला तर डब्यातून गाडीच्या डिकीत गेलाच समजा.

दुसरं म्हणजे ग्लॅमॉर्गन सॉसेज. नावाला भिऊ नका, मूळचंच शाकाहारी आहे: केअरफिली चीज, लीक, पावाचा चुरा, जरा मोहरीची पेस्ट. इथले लोक बांधायला अंडं घालतात, मी दोन चमचे बेसन पाण्यात कालवून घालते आणि लांबट वळून तव्यावर तांबूस करते. चीज घेताना पाकिटावर व्हेजिटेरियन लिहिलंय ना ते बघा, काही चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. पहिल्यांदा केले तेव्हा मी बावळटासारखं खरं नाव सांगितलं. अण्णांनी ताट सहा इंच लांब सरकवलं. दुसऱ्यांदा "लीकचे कटलेट" म्हणून वाढले, चार खाल्ले.

गोडाला बारा ब्रीथ. सुका मेवा रात्रभर कोऱ्या चहात भिजवून केलेला लोफ, अंड्याऐवजी दही घातलं तरी होतो. बरोबर आल्याचा चहा. दोन थर्मास, एक बिनसाखरेचा, आणि बिनसाखरेच्यावर चिकटपट्टी लावून लिहा, नाहीतर अण्णांना चुकून गोड मिळतो आणि ते अजिबात बोलत नाहीत.

डबे स्टीलचे, क्लिपवाले. कागदी प्लेटा नकोत, उडून आयर्लंडला जातील. उघडा डबा गवतावर ठेवून फोटो काढत बसू नका, वर सीगल असतात आणि खाली मेंढ्या. आमच्या चटणीत एका मेंढीने तोंड घातलं होतं. तिला ती तिखट लागली की नाही, चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

बाहेरचं खायचंच झालं तर तोंडातोंडी विचारा. चिप्स कशात तळता, कारण काही दुकानांत अजून गाईच्या चरबीत तळतात. वेल्श केक लोण्यात की लार्डमध्ये, लार्ड म्हणजे डुकराची चरबी. स्वॉन्झीच्या मंडईत लेव्हरब्रेड दिसेल, काळपट हिरवा लगदा. नाव ब्रेडचं, पण आहे समुद्रशेवाळ. ते शाकाहारी, पण सहसा बेकनबरोबर परततात. घरी आणून ओटच्या पिठात मळून थालीपिठासारखं थापा, वाईट लागत नाही. चांगलं लागतं असं मी म्हणणार नाही.

डबे भरून झाले? तक्ता बघितला? तारीख ठरवण्याआधी बघितला की आत्ता बघताय? आत्ता बघत असाल तर उशीर झालाय, पण बघा.

कपड्यांचं थोडक्यात. वाऱ्याचं जॅकेट प्रत्येकाला, ऊन असलं तरी. छत्र्या घरी ठेवा, तिथे उलट्या होतात. वाटेवरचे खडक शिंपल्यांनी खडबडीत आणि शेवाळाने निसरडे असतात, पायवाट अशी नसते, हात टेकत जावं लागतं. चपला, सँडल, साडी काही चालणार नाही. मोज्यांचा जादा जोड. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पलीकडे जाऊच नये. गाडीतळापासून जुन्या टेहळणी चौकीपर्यंत मैलभर सोपं चालणं आहे, तिथून सगळं दिसतं. सासूबाईंनी तिथेच बसून विणकाम केलं आणि त्या दिवशी मजा आलेल्या त्या एकट्याच. आमच्याही आधी त्यांनीच चौकीतल्या बाईंना खुणा करून विचारलं होतं, वाट कधी उघडणार. बाईंनी घड्याळात सव्वापाच दाखवले. सासूबाईंनी आम्हाला सांगितलं नाही, कारण आम्ही विचारलं नाही.

गाडी. कार्डिफहून पावणेदोन तास धरा, स्वॉन्झीनंतरचा रस्ता अरुंद आहे. वस्तीत २० मैलांची मर्यादा, सप्टेंबर २०२३ पासून वेल्सभर सर्वसाधारण तीच, आणि रस्त्यावर मोठ्या अक्षरांत 'ARAF' (उच्चार आराव) दिसलं की वेग कमी करा. पार्किंगसाठी सुटी नाणी आणि कार्ड दोन्ही ठेवा, ॲपच्या भरवशावर राहू नका, रेंज जाते. म्हणूनच तक्त्याचा फोटो काढून ठेवा. फोटो. दुवा नव्हे. दुवा तिथे उघडत नाही, हे मला कसं माहीत ते विचारू नका.

वाट बंद असेल आणि तरीही पोचलातच, तर खालच्या किनाऱ्यावर उतरा. तीन मैलांची वाळू आहे. ओहोटी असली तर १८८७ साली फुटलेल्या हेल्व्हेशिया जहाजाच्या फासळ्या वाळूतून वर आलेल्या दिसतात. मुलांना तेवढं पुरतं. माझ्या मुलाला नाही पुरलं, पण त्याला सीलचं वचन दिलं होतं.

पलीकडे गेलात तर परतीचा गजर लावा, पूर्ण ओहोटीनंतर अडीच तासांचा नाही, दीड तासाचा. पक्ष्यांच्या विणीच्या काळात शेवटच्या टोकाला जात नाहीत. कचरा परत आणा. वाळूचे बूट पिशवीत. डबे त्याच रात्री धुवा, लीकचा वास बसतो. बाकी जे राहिलं असेल ते रॉसिलीत मिळतं किंवा त्यावाचून भागतं.

आम्ही पुन्हा जातोय, येत्या शनिवारी, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. मम्बल्सचा तक्ता, ग्रिनिच वेळ: ओहोटी १२:५६. एक तास मिळवून १:५६. म्हणजे वाट ११:२६ पासून ४:२६ पर्यंत. नवऱ्याने वेगळं बसून काढलं, तेच आलं. अण्णांनी हर्णैहून फोनवर ऐकलं आणि म्हणाले, "एकदा मला फोटो पाठव त्या तक्त्याचा, बघतो."